आज रात्री, उद्या की दोन आठवड्यांनी? जीपीएस डेटासाठी योग्य कक्षा-फाइल निवडण्याची आणि वापरण्याची पद्धत

दिवसभर बेस, म्हणजे एका बिंदूवर स्थिर ठेवलेला जीपीएस रिसीव्हर, लावून स्टॅटिक निरीक्षणे घेतली, डेटा उतरवला, आणि आता प्रोसेसिंग करायचे आहे. कोणत्या कक्षा, म्हणजे उपग्रह कोणत्या क्षणी कुठे होता हे सांगणाऱ्या फाइल, वापरायच्या? रिसीव्हरने उपग्रहाकडूनच उतरवून घेतलेल्या, आज रात्री मिळणाऱ्या, उद्या मिळणाऱ्या, की दोन आठवड्यांनी येणाऱ्या ‘फायनल’? अनेक ठिकाणी सवयीने फायनलची वाट पाहिली जाते आणि काम विनाकारण अडते. नियंत्रण बिंदू, रस्ते, कालवे, गावठाण मोजणी, ड्रोनसाठीचे जमिनीवरचे बिंदू अशा कामांना ज्या दिवशी निरीक्षण घेतले त्याच रात्री मिळणारी फाइल पुरते. उत्तर चुकते ते बहुतेक वेळा वेळेचा गोंधळ, चुकीची अँटेना फाइल, एका संस्थेची कक्षा आणि दुसऱ्याच संस्थेचे घड्याळ अशा कारणांनी. कक्षेतल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने क्वचितच.

काय मिळते, कधी मिळते

इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस, म्हणजे आयजीएस, १९९४ पासून अधिकृतपणे काम करते आहे. जगभरच्या शेकडो कायमस्वरूपी केंद्रांचा डेटा बर्न, पॉट्सडॅम, डार्मश्टाट, पॅसाडेना, वुहान अशा ठिकाणची विश्लेषण केंद्रे स्वतंत्रपणे सोडवतात. त्यांची उत्तरे वजन देऊन एकत्र केली जातात आणि त्यातून फाइल तयार होते. आपल्याकडची बंगळुरू आणि हैदराबादची केंद्रे याच जाळ्यात आहेत. डेटा जमायला, कक्षा सोडवायला आणि उत्तरे जुळवायला वेळ लागतो, म्हणून एकाच दिवसाची फाइल तीन टप्प्यांत येते.

उपग्रह स्वतः प्रसारित करतो ती ब्रॉडकास्ट कक्षा ताबडतोब हाती असते. तिची अचूकता सुमारे १ मीटर आणि घड्याळाची सुमारे ५ नॅनोसेकंद. जीपीएसमध्ये ती साधारण दर दोन तासांनी बदलते.

अल्ट्रा-रॅपिड दिवसातून चार वेळा येते: ३, ९, १५ आणि २१ वाजता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळेत सकाळी ८.३०, दुपारी २.३०, रात्री ८.३० आणि पहाटे २.३०. ही फाइल ४८ तासांची असते. पहिले २४ तास प्रत्यक्ष निरीक्षणांवरून काढलेले, पुढचे २४ तास भाकिताचे. निरीक्षित अर्ध्याची कक्षा सुमारे ३ सेंटिमीटर आणि घड्याळ सुमारे ०.१५ नॅनोसेकंद अचूक. भाकित अर्ध्याची कक्षा सुमारे ५ सेंटिमीटर, घड्याळ मात्र सुमारे ३ नॅनोसेकंद.

रॅपिड दुसऱ्या दिवशी १७ वाजता यूटीसी, म्हणजे आपल्या रात्री १०.३० वाजता येते. कक्षा सुमारे २.५ सेंटिमीटर, घड्याळ सुमारे ०.०७५ नॅनोसेकंद. फायनल १२ ते १८ दिवसांनी, दर गुरुवारी, एका पूर्ण आठवड्याची एकदम येते. तिचेही आकडे कक्षेला २.५ सेंटिमीटर आणि घड्याळाला ०.०७५ नॅनोसेकंद असेच आहेत. रॅपिड आणि फायनल यांच्यात बहुतेकांना वाटते तेवढी दरी नाही.

भाकित अर्ध्याच्या घड्याळाचा आकडा पक्का लक्षात ठेवा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. ३ नॅनोसेकंद म्हणजे ९० सेंटिमीटर. कक्षा ५ सेंटिमीटर अचूक दिसते म्हणून कोणी भाकित अर्धे पीपीपीला, म्हणजे एकाच रिसीव्हरच्या अचूक स्थाननिश्चितीला, वापरले तर घड्याळाची चूक थेट अंतरात उतरते. बेसलाइन, म्हणजे दोन रिसीव्हरना जोडणारी रेषा, सोडवताना हीच फाइल चालते, कारण दोन रिसीव्हरमधल्या फरकात उपग्रहाचे घड्याळ कटून जाते.

किती अचूक कक्षा पुरते

बेसलाइनसाठी एक जुना, हातावर करता येणारा हिशेब आहे: कक्षेतली चूक भागिले उपग्रहाचे अंतर, गुणिले बेसलाइनची लांबी. उपग्रहाचे अंतर २०,००० किलोमीटर धरा.

पुणे ते सातारा सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटर. ब्रॉडकास्टची चूक १ मीटर धरली तर बेसलाइनमध्ये येणारी चूक ४.७५ मिलिमीटर. अल्ट्रा-रॅपिडच्या भाकित अर्ध्याने ती पाव मिलिमीटरच्या खाली जाते. दहा किलोमीटरच्या बेसलाइनवर ब्रॉडकास्टनेही चूक अर्धाच मिलिमीटर येते, म्हणजे गावातल्या गावात बेस आणि रोव्हर (फिरता रिसीव्हर) यांचे काम असेल तर अचूक कक्षांचा विचार करण्याचेही कारण नाही. पुण्याचा बिंदू हैदराबादच्या आयजीएस केंद्राशी जोडायचा असेल तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर. तिथे ब्रॉडकास्टची चूक २५ मिलिमीटर होते आणि रॅपिडची ०.६ मिलिमीटर. हा हिशेब थोडा कडक आहे, प्रत्यक्षातली चूक बहुधा याहून कमी निघते. निर्णय घेण्यासाठी तो पुरेसा आहे.

म्हणून २० किलोमीटरपर्यंत ब्रॉडकास्ट, त्यापुढे अल्ट्रा-रॅपिड किंवा रॅपिड, आणि भूपट्टांची गती, धरणाच्या भिंतीची वर्षानुवर्षांची हालचाल, संदर्भ जाळ्याची पुनर्गणना अशा मिलिमीटरच्या कामांना फायनल, असे धोरण ठेवा. पीपीपी करायचे असेल तर निरीक्षित अल्ट्रा-रॅपिडच्या खाली उतरू नका. शक्य असेल तर रॅपिडची वाट पाहा.

भारतीय वेळेचे गणित

फाइलचा दिवस जीपीएस वेळेने मध्यरात्री सुरू होतो. जीपीएस वेळ २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे नवीन फाइलचा दिवस सकाळी ५ वाजून २९ मिनिटे ४२ सेकंदांनी उजाडतो. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत उरकावे म्हणून पहाटे ५ वाजता बेस सुरू केला, तर पहिला अर्धा तास आदल्या दिवसाच्या फाइलमध्ये असतो. सॉफ्टवेअर तेवढा डेटा गपचूप गाळते किंवा ‘इफेमेरिस (कक्षेची माहिती) नाही’ म्हणून थांबते.

सकाळी ७ ते सायंकाळी ५ हे काम मात्र एकाच जीपीएस दिवसात बसते. आता अल्ट्रा-रॅपिडचे वेळापत्रक याला लावून पाहा. रात्री ८.३० ला येणाऱ्या फाइलचा निरीक्षित भाग १२ वाजता यूटीसीपर्यंत, म्हणजे आपल्या सायंकाळी ५.३० पर्यंत असतो. मैदानातून ५.३० च्या आत आवरले तर त्या दिवसाचे सगळे निरीक्षण निरीक्षित अर्ध्यात येते. साडेसहापर्यंत काम लांबले तर शेवटचा तास भाकितात पडतो. मग पहाटे २.३० ची फाइल घ्या आणि सकाळी प्रोसेस करा. दुपारी २.३० ची फाइल सकाळी ११.३० पर्यंतचाच भाग निरीक्षित देते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर घाईने प्रोसेसिंग करण्यात फारसे हशील नाही.

फाइलचे नाव वाचणे

नोव्हेंबर २०२२ अखेरपासून, म्हणजे जीपीएस आठवडा २२३८ पासून, आयजीएसच्या फाइलना लांब नावे आहेत. उदाहरण म्हणून १५ जानेवारी २०२५, बुधवार, घेऊ. वर्षातला हा १५ वा दिवस. ६ जानेवारी १९८० च्या रविवारपासून मोजले तर जीपीएस आठवडा २३४९, आणि रविवार शून्य धरून दिवस ३.

नावाचा पहिला गट आयजीएस, शून्य, ओपीएस आणि प्रकाराची तीन अक्षरे: यूएलटी, आरएपी किंवा एफआयएन. अंडरस्कोअरनंतर वर्ष, वर्षातला दिवस, तास आणि मिनिट सलग: २०२५०१५००००. मग फाइलची लांबी ०१डी, नोंदींमधले अंतर १५एम, मजकुराचा प्रकार ओआरबी आणि शेवटी एसपी३, म्हणजे कक्षा-फाइलचा नमुना. १५ जानेवारीची रॅपिड आणि फायनल या दोन्हींत २०२५०१५०००० असते.

अल्ट्रा-रॅपिडमध्ये इथेच घोळ होतो. लांब नावातली वेळ ही फाइलच्या सुरुवातीची असते, निरीक्षण संपल्याची नव्हे. १५ जानेवारीला रात्री ८.३० वाजता आलेल्या फाइलचा निरीक्षित भाग १५ च्या दुपारी १२ यूटीसीला संपतो, म्हणून ती सुरू होते १४ च्या १२ वाजता. नावात २०२५०१४१२०० आणि ०२डी असते. जुन्या छोट्या नावांत मात्र निरीक्षण आणि भाकित यांच्या मधली वेळ लिहिलेली असे. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नुसती नव्या नावांवर आणली की ती बरोबर एक दिवस चुकीची फाइल उचलते. ती फाइल तुमच्या निरीक्षणानंतर सुरू होणारी असू शकते. ही चूक शोधायला फार वेळ लागतो.

डाउनलोड

नासाचे सीडीडीआयएस, फ्रान्सचे आयजीएन, जर्मनीचे बीकेजी आणि युरोपीय अंतराळ संस्थेचे जीएसएससी या संग्रहांत सगळ्या फाइल जीपीएस आठवड्याच्या फोल्डरमध्ये मोफत असतात. सीडीडीआयएसने ऑक्टोबर २०२० अखेर निनावी एफटीपी बंद केले. तिथे अर्थडेटा खाते काढावे लागते आणि स्वयंचलित डाउनलोडसाठी नाव-पासवर्ड संगणकावरच्या नेटआरसी फाइलमध्ये ठेवावे लागतात.

लॉगिन नीट झाले नाही तर सर्व्हर चूक दाखवत नाही, लॉगिनचे पानच तुमच्या फाइलच्या नावाने उतरवून देतो. मग फाइल उलगडताना ‘ही जीझिप फाइल नाही’ असा संदेश येतो आणि लोक फाइल खराब आहे म्हणून पुन्हा पुन्हा उतरवत बसतात. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वर एचटीएमएल दिसले तर अडचण लॉगिनची आहे. बीकेजीकडून खाते न काढता फाइल मिळते, तो मार्ग हाताशी ठेवा.

पीपीपीसाठी कक्षेबरोबर त्याच संचातली घड्याळाची सीएलके फाइल आणि पृथ्वीच्या परिवलनाची ईआरपी फाइलही उतरवा. रॅपिडचे घड्याळ ५ मिनिटांचे, फायनलचे ३० सेकंदांचे असते.

उघडून पाहा, मगच वापरा

एसपी३ ही साधी मजकूर फाइल आहे. वापरण्याआधी दोन मिनिटे तिच्यावर घालवा.

पहिल्या ओळीत फाइल कधी सुरू होते ती तारीख-वेळ, एकूण नोंदी, संदर्भ चौकट (निर्देशांक कोणत्या व्यवस्थेत आहेत ते) आणि संस्था दिसते. रोजच्या फाइलमध्ये ९६ नोंदी, अल्ट्रा-रॅपिडमध्ये १९२. दुसऱ्या ओळीत जीपीएस आठवडा, आठवड्यातले सेकंद, नोंदींमधले अंतर ९०० सेकंद आणि सुधारित ज्युलियन दिवस, म्हणजे दिवसांचा सलग क्रमांक. आपल्या उदाहरणातल्या रॅपिडमध्ये २३४९, मग २५९२००, मग ९००, मग ६०६९० असे आकडे हवेत. २५९२०० म्हणजे तीन पूर्ण दिवसांचे सेकंद, बुधवार बरोबर. हे जुळले की तारखेची शंका संपली.

त्याखाली उपग्रहांची यादी आणि प्रत्येकाचा अचूकता-अंक. हा अंक दोनचा घातांक आहे, उत्तर मिलिमीटरमध्ये. अंक ५ म्हणजे ३२ मिलिमीटर. शून्य म्हणजे अचूकता माहीत नाही. बाकी सगळे ४-५ असताना एखाद्याचाच अंक १० च्या पुढे गेला असेल तर त्या उपग्रहाला हलवले असण्याची शक्यता मोठी. अमेरिकन तटरक्षक दलाचे नेव्हिगेशन केंद्र अशा हालचालींच्या सूचना आधी प्रसिद्ध करते. भाकित अर्धे वापरताना त्या पाहाच, कारण उपग्रह भाकितानंतर ढकलला गेला तर फाइलला ते कळलेले नसते. शंका आली की तो उपग्रह सरळ गाळा. एक उपग्रह कमी झाल्याने काही बिघडत नाही.

मग खालच्या नोंदी. प्रत्येक उपग्रहाच्या ओळीत एक्स, वाय, झेड किलोमीटरमध्ये आणि घड्याळ मायक्रोसेकंदात. तिन्ही अंक शून्य असतील तर त्या क्षणी कक्षा उपलब्ध नाही. घड्याळाच्या जागी नऊच्या अंकांची रांग असेल तर घड्याळ नाही. ओळीच्या शेवटच्या, ८० व्या स्तंभात ‘पी’ असेल तर कक्षा भाकिताची, ७६ व्या स्तंभात ‘पी’ असेल तर घड्याळ भाकिताचे, ७९ व्या स्तंभात ‘एम’ असेल तर उपग्रहाची हालचाल झाली आहे. तुमचे निरीक्षण संपते त्या वेळेपर्यंत खाली जा. तिथवर ‘पी’ दिसले नाही तर तुमचे सगळे काम निरीक्षित अर्ध्यात आहे.

प्रोसेसिंगमधले बारकावे

पंधरा मिनिटांच्या नोंदींमधली उपग्रहाची जागा सॉफ्टवेअर बहुपदीने काढते. आरटीकेलिब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही बहुपदी दहाव्या घाताची आहे, तिला अकरा नोंदी लागतात: मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच. पाच नोंदी म्हणजे ७५ मिनिटे. फाइलच्या टोकापासून ७५ मिनिटांच्या आत बहुपदी एका बाजूला कलते आणि चूक वाढते. आपल्याकडे फाइलचे टोक साडेपाचला येते, म्हणून सकाळी पावणेसातच्या आधीचा डेटा असेल तर आदल्या दिवसाची फाइलही द्या. शिवाय रोजची फाइल २३.४५ ला संपते, तिच्यात २४.०० ची नोंद नसते. पहाटे सव्वापाच ते साडेपाच ही पंधरा मिनिटे पुढच्या दिवसाच्या फाइलशिवाय अधांतरी राहतात. सलग दोन दिवसांच्या फाइल स्वतंत्रपणे सोडवलेल्या असल्याने सांध्यावर काही सेंटिमीटरची उडी असू शकते. अल्ट्रा-रॅपिड ४८ तासांची सलग असल्याने सकाळच्या कामाला ती याबाबतीत उलट सोयीची पडते.

घड्याळाला ही बहुपदी लावू नका. उपग्रह कक्षेत गुळगुळीत फिरतो, त्याचे घड्याळ तसे चालत नाही. त्यात क्षणाक्षणाला बारीक चढउतार असतात. पीपीपीत एसपी३ मधले पंधरा मिनिटांचे घड्याळ वापरले की उत्तर डोलते. सीएलके फाइल द्या, आणि ती कक्षेच्याच संचातली द्या. कक्षा एका केंद्राची आणि घड्याळ दुसऱ्याचे, असे कधीही करू नका. दोन्ही एकाच गणितातून एकमेकांना सांभाळून बाहेर पडलेली असतात, मिसळली की ती सांभाळणी तुटते.

एसपी३ मधली जागा उपग्रहाच्या वस्तुमान केंद्राची असते. ब्रॉडकास्ट कक्षा अँटेनाच्या फेज सेंटरची, म्हणजे सिग्नल जिथून निघतो असे धरतात त्या बिंदूची, असते. या दोन जागांमध्ये जीपीएसच्या उपग्रहांत मीटर-दोन मीटरचे अंतर आहे, आणि ते प्रत्येक प्रकारच्या उपग्रहात वेगळे आहे. म्हणून अचूक कक्षा निवडल्यावर उपग्रहांच्या अँटेनांची फाइल द्यावीच लागते. आजच्या कक्षा आयजीएस२० किंवा तिच्या सुधारित आवृत्तीच्या चौकटीत आहेत, त्यांना आयजीएस२० ची अँटेना फाइल. आठवडा २२३८ च्या आधीचा जुना डेटा आयजीएस१४ च्या काळातला असेल तर त्याला आयजीएस१४ ची. उलटसुलट झाले तर पीपीपीत चूक मुख्यतः उंचीत जाते. जवळच्या बेसलाइनवर ती दिसतही नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे सेटिंगमध्ये तशीच राहते.

आरटीकेलिबमध्ये क्रम असा: निरीक्षणाची रिनेक्स (कोणत्याही रिसीव्हरच्या डेटाचे सामायिक रूप) फाइल, नेव्हिगेशन फाइल, एसपी३, सीएलके. पर्यायांत ‘सॅटेलाइट इफेमेरिस’ ब्रॉडकास्टवरून ‘प्रिसाइज’वर आणा. हे न करता नुसती एसपी३ जोडली तर ती वापरलीच जात नाही. फाइल्सच्या टॅबमध्ये उपग्रह आणि रिसीव्हर दोन्हींसाठी अँटेना फाइल भरा.

आयजीएसच्या मुख्य एकत्रित फाइल मुळात जीपीएसच्या आहेत. यादीतल्या उपग्रहांची पहिली अक्षरे पाहा: जी जीपीएस, आर ग्लोनास, ई गॅलिलिओ, सी बेइदोऊ. रिसीव्हर चारही घेत असेल तर बर्न, पॉट्सडॅम किंवा वुहानच्या केंद्रांच्या बहु-प्रणाली फाइल घ्या. त्यांची घड्याळेही त्यांचीच घ्या.

उत्तर कोणत्या चौकटीत येते

अचूक कक्षांनी पीपीपी केले की येणारे अक्षांश-रेखांश कक्षांच्याच चौकटीत आणि निरीक्षणाच्या दिवसाचे असतात. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो. वीस वर्षांपूर्वीच्या तारखेला बांधलेल्या कंट्रोल पॉइंटशी आजचे उत्तर ताडून पाहिले तर सुमारे एक मीटर फरक निघेल, आणि दोन्ही मोजण्या बरोबर असतील. इथे कक्षेला दोष देऊन फायनलची वाट पाहण्याने एक मिलिमीटरही सुधारत नाही. जुन्या बिंदूचे निर्देशांक घेताना चौकट आणि तिची तारीख दोन्ही विचारा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (सतत चालू असलेल्या संदर्भ) केंद्रांचा डेटा वापरताना बेसचे निर्देशांक कोणत्या तारखेचे आहेत ते लिहून घ्या, आणि आपल्या सगळ्या बिंदूंना तीच तारीख लावा.

स्वतः करायचे नसेल तर

कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी आणि ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस या सेवा रिनेक्स फाइल घेऊन मोफत उत्तर पाठवतात. त्या क्षणी उपलब्ध असलेली सगळ्यात चांगली कक्षा त्या आपोआप वापरतात, म्हणून अहवालात कोणती वापरली ते वाचा. ऑसपॉसला किमान एक तासाचा दुहेरी फ्रिक्वेन्सीचा डेटा लागतो. दोन तासांहून जास्त द्या. आज रात्री पाठवलेली फाइल परवा सकाळी पुन्हा पाठवली की रॅपिडचे उत्तर येते. दोन उत्तरांतला फरक एक-दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर काम पुढे न्या. मोठा निघाला तर आधी अँटेनाची उंची आणि अँटेनाचा प्रकार तपासा.

मैदानातच लगेच उत्तर हवे असेल तर आयजीएसची रिअल-टाइम सेवा २०१३ पासून इंटरनेटवर कक्षा आणि घड्याळाच्या सुधारणा देते. गॅलिलिओची हाय ॲक्युरसी सेवा जानेवारी २०२३ पासून अशाच सुधारणा थेट उपग्रहावरून, ई६ सिग्नलवर मोफत पाठवते. तिचे उद्दिष्ट आडव्या दिशेत २० आणि उभ्या दिशेत ४० सेंटिमीटर आहे. मोजणीच्या बिंदूला ते पुरत नाही, नकाशाच्या तपशिलाला पुरते.

अहवालात प्रत्येक दिवसासमोर चार गोष्टी नोंदवा: कक्षा-फाइलचे पूर्ण नाव, घड्याळ कुठले, अँटेना फाइल कुठली, निर्देशांकांची चौकट आणि तारीख. मूळ रिनेक्स जपून ठेवा. १५ जानेवारीच्या कामाची फायनल ३० जानेवारीच्या गुरुवारी यायची असते. त्या दिवशी जाळ्यातली सर्वांत लांब बेसलाइन तेवढी फायनलने पुन्हा सोडवून पाहा.